आईबाबांच्या टीव्हीला नवा बॉक्स : कामाच्या नोंदी

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

काल रात्री आईचा फोन. "अगं, ते उघडतच नाही. कसलीतरी पाटी येते आणि परत मागे जातं." आज जाऊन पाहिलं. हे अ‍ॅप यापुढे या टीव्हीवर चालणार नाही, असं पाटीवर सरळ लिहिलेलं होतं. टीव्ही २०१६ चा, ४३ इंची, फोरके (म्हणजे १०८०पी एचडीच्या चौपट ठिपक्यांचा). पडदा अजून ठणठणीत आहे, एक ठिपका मेलेला नाही, रंग उतरलेले नाहीत. थकलंय ते आतलं सॉफ्टवेअर. शेवटचं अपडेट कधी आलं ते मेनूत बघितलं, त्याला पाच वर्षं उलटून गेलीत.

हे कधीतरी होणारच होतं. पडदा दहा-बारा वर्षं सहज टिकतो, पण आतला प्रोसेसर आणि मेमरी पहिल्या दिवशी असते तेवढीच राहते आणि अ‍ॅप दर वर्षी जड होत जातात. नेटफ्लिक्सनेही २०१९ च्या डिसेंबरात २०१०-११ च्या काही टीव्हींवरचं अ‍ॅप असंच बंद केलं होतं.

बाबा म्हणाले, "मग नवा टीव्हीच घेऊ." मी नको म्हटलं. चांगला पडदा टाकून द्यायचा आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा त्याच जागी येऊन उभं राहायचं, हे मला पटत नाही. पडदा वेगळा आणि डोकं वेगळं असलं की थकेल तेवढंच बदलता येतं. स्ट्रीमिंग बॉक्स, म्हणजे टीव्हीला जोडायचा आणि नेटवरची अ‍ॅप स्वतः चालवणारा छोटा डबा, घ्यायचा ठरलं.

घरी येताना मनाशी तीन गोष्टी नक्की केल्या. आईला सबटायटल मोठी हवीत, चष्मा लावूनही तिला बारीक अक्षर लागत नाही. बाबांना संवाद ऐकू यायला हवेत, उजव्या कानाने त्यांना कमी येतं. आणि दोघांना एका रिमोटच्या एका बटणावर सगळं चालू करता यायला हवं. बॉक्सच्या खोक्यावर काय काय छापलंय ते या तिन्हींनंतर.

७ सप्टेंबर, रविवार

खरेदीच्या आधी टीव्हीची पाठ वाचायची. बहुतेक लोक हे उलट करतात, बॉक्स आधी आणतात आणि टीव्हीला काय झेपतं ते नंतर शोधतात.

भिंतीवरून टीव्ही थोडा पुढे ओढला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि प्रत्येक खाचेचा फोटो काढला. एचडीएमआयच्या चार खाचा. दोन नुसत्याच, एकीखाली बारीक अक्षरात 'एआरसी' (टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरकडे पाठवणारी), आणि एकीखाली 'एचडीसीपी २.२'. शेवटचं हे सगळ्यात महत्त्वाचं. एचडीसीपी म्हणजे बॉक्स आणि टीव्ही यांच्यातलं कुलूप. फोरके चित्र पाठवण्याआधी बॉक्स विचारतो, तुझ्याकडे २.२ ची किल्ली आहे का? नसेल तर कुठलीही तक्रार न करता तो १०८०पी वर उतरतो, आणि घरच्यांना वाटतं बॉक्सच सुमार आहे. म्हणजे या टीव्हीत चारपैकी एकच खाच आपल्या कामाची, आणि नेमका तिथेच सध्या सेट-टॉप बॉक्स खोचलेला आहे. त्याला दुसरी कुठलीही खाच चालेल.

मेनूतून आणि पुस्तिकेतून आणखी कळलं ते असं. खाच एचडीएमआय २.० ची आहे, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, फोरके ६० हर्ट्झपर्यंत (सेकंदाला ६० चित्रं) पुरेसं. (१.४ ची असती तर फोरके ३० हर्ट्झवरच अडलं असतं.) एचडीआर१० (उजेड-अंधारातला फरक जास्त खुलवणारं चित्र) चालतं, त्याचाच दुसरा प्रकार डॉल्बी व्हिजन चालत नाही. त्यामुळे बॉक्सवर डॉल्बी व्हिजन आहे की नाही, याने आपल्याला काही फरक पडत नाही. ते असलं तरी टीव्हीपाशी येऊन थांबणार.

सोफ्यापासून टीव्हीचं अंतर टेपने मोजलं, बरोबर ३ मीटर. मग वहीत हिशेब केला. ४३ इंची पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. १०८०पी मध्ये त्या रुंदीत १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या नजरेच्या माणसाला ३ मीटरवरून पाऊण-एक मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. थोडक्यात, या खोलीत फोरकेचे जास्तीचे ठिपके कुणालाच दिसणार नाहीत! तरीही फोरके चालणारा बॉक्सच घ्यायचा, कारण बऱ्याच सेवा एचडीआर आणि जास्त डेटाचं चित्र फोरकेसोबतच देतात. अंधारातल्या प्रसंगात सावल्यांचे पट्टे न दिसणं, दिव्याचा उजेड उजेडासारखा वाटणं, हे ३ मीटरवरूनही कळतं.

१० सप्टेंबर, बुधवार

दोन संध्याकाळी तुलना करण्यात गेल्या.

पहिला प्रश्न : स्टिक की बॉक्स? स्टिक थेट टीव्हीच्या पाठीत खोचायची, दिसत नाही, जागा खात नाही. पण ती टीव्हीच्या गरम पाठीला चिकटून बसते, तिचा वायफायचा अँटेना पडद्याच्या धातूमागे दडतो, आणि नेटच्या केबलची खाच तिच्यात सहसा नसते. ज्यांचा राउटर त्याच खोलीत आहे त्यांनी खुशाल स्टिक घ्यावी. आईबाबांचा राउटर दोन भिंतींपलीकडे आहे. म्हणून बॉक्स.

दुसरा प्रश्न : आत काय हवं? इथे कोडेकचा विचार टाळता येत नाही. व्हिडिओ दाबून पाठवायच्या या पद्धती. एच.२६४ ही २००३ ची, सगळीकडे चालते. एचईव्हीसी २०१३ ची, फोरकेचा बराच भार तिच्यावर आहे. एव्ही१ २०१८ ची, तेवढंच चित्र आणखी कमी डेटात बसवते. बॉक्समध्ये एव्ही१ साठी वेगळं हार्डवेअर असेल तर पुढच्या काही वर्षांची काळजी कमी होते. सगळ्या नामांकित बॉक्समध्ये ते नाही. अ‍ॅपल टीव्ही फोरकेचं २०२२ चं मॉडेल (ए१५ चिप) वेगाच्या बाबतीत उत्तम, पण त्यात एव्ही१ चं हार्डवेअर नाही. एनव्हीडियाच्या शील्ड टीव्ही प्रोमध्येही नाही, ते २०१९ चं मॉडेल आहे. घरातल्या हार्ड डिस्कवर सिनेमे साठवून पाहणारी मंडळी शील्डला अजून सोडत नाहीत, आणि त्यांच्या कामासाठी ते योग्यच आहे. आईबाबांचं काम ते नाही.

तिसरा प्रश्न मी स्वतःहून यादीत घातला, कारण बाबांना त्यांच्या मित्राने कुठलंच नाव नसलेला एक बॉक्स सुचवला होता, "सगळं फुकट दिसतं" म्हणून. त्याला मी ठाम नकार दिला आणि कारणंही सांगितली. अँड्रॉइडवर चालणारा प्रत्येक बॉक्स प्रमाणित नसतो. वाइडवाइन नावाची संरक्षणाची व्यवस्था असते, तिचे स्तर असतात. एल१ असेल तर एचडी आणि फोरके मिळतं. एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारखी सेवा ४८०पी च्या वर जात नाही, मग खोक्यावर '८के' का छापलेलं असेना. पण यापेक्षा मोठी काळजी दुसरी आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' बद्दल जाहीर इशारा दिला. काही बॉक्समध्ये घातक सॉफ्टवेअर विक्रीआधीच घुसवलेलं असतं, काहींमध्ये ते बॉक्स सुरू करताना बाहेरची अ‍ॅप टाकायला लावून शिरतं. मग आपल्या घरचं नेट अनोळखी लोकांच्या गुन्ह्यांसाठी आडोसा म्हणून वापरलं जातं. बाबा त्याच वायफायवरून बँकेचे व्यवहार करतात. हे ऐकल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

उरले दोन : अ‍ॅपल टीव्ही फोरकेचं नेटच्या खाचेचं १२८ जीबीचं मॉडेल, आणि २०२४ चा गूगल टीव्ही स्ट्रीमर. अ‍ॅपलचा पडदा शांत, जाहिराती जवळपास नाहीत. मला स्वतःसाठी तोच आवडेल. पण त्याच्या रिमोटवर मेनूत फिरायला बोट सरकवायची गोल चकती आहे (सेटिंगमधून तिला नुसत्या दाबण्यापुरतं करता येतं), आणि तो रिमोट चार्ज करावा लागतो. घरात आयफोन कुणाकडेच नाही. स्ट्रीमरमध्ये ४ जीबी रॅम, ३२ जीबी जागा, एव्ही१, नेटची खाच, रिमोटला साधे ट्रिपल-ए सेल. आणि माझ्या दृष्टीने ज्याने निकाल लावला ती गोष्ट : बॉक्सच्या मागे एक बटण आहे, ते दाबलं की हरवलेला रिमोट वाजतो. आईबाबांच्या घरात रिमोट दिवसातून दोनदा हरवतो.

स्ट्रीमर मागवला.

१३ सप्टेंबर, शनिवार

बॉक्स यायचाय, तोवर नेट बघून घेतलं. स्पीड मोजायचा तो टीव्हीच्या मागे उभं राहून. राउटरशेजारी उभं राहून मोजलेला आकडा टीव्हीच्या कामाचा नाही.

राउटरशेजारी ९२ एमबीपीएस. टीव्हीच्या मागे २.४ गिगाहर्ट्झवर ११. तिथेच ५ गिगाहर्ट्झवर २६, पण मधला दरवाजा लावला की १४. नेटफ्लिक्सची शिफारस १०८०पी ला ५ आणि फोरकेला १५ एमबीपीएस. म्हणजे दरवाजा उघडा तर चालेल, बंद तर फिरतं वर्तुळ दिसेल. दुपारी झोपताना आई तो दरवाजा लावून घेते, आणि बाबांची टीव्हीची वेळ तीच.

यावर राउटर हलवणं, वायफायचं जाळं वाढवणं असे पर्याय होते. मी केबल टाकली. चपटी कॅट ६ केबल, १५ मीटर, भिंतीच्या पट्टीवरून, दोन दरवाजांच्या चौकटींना वळसा घालून. तीन तास गेले, गुडघे दुखले, पण हे काम एकदाच करायचं असतं. संध्याकाळी लॅपटॉपला ती केबल लावून टीव्हीच्या जागेवर मोजलं : ९१. दरवाजा लावून : ९१. त्या दोन सारख्या आकड्यांनी फार बरं वाटलं.

बाबांना डेटाचं गणितही सांगितलं. १५ एमबीपीएस म्हणजे तासाला जवळजवळ ७ जीबी. त्यांच्या प्लॅनला महिन्याची मर्यादा आहे, म्हणून रोज दोन-तीन तास धरून हिशेब केला. बसतं.

१४ सप्टेंबर, रविवार

जोडणीचा दिवस. सगळ्यात जास्त लिहिण्यासारखं आजच घडलं.

स्ट्रीमरसोबत एचडीएमआय केबल येत नाही, हे आधी माहीत होतं. घरात जुन्या सेट-टॉप बॉक्सची एक केबल पडून होती, म्हटलं हीच लावून बघू. वीज बॉक्सच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवरून, थेट बोर्डातून. टीव्हीच्या यूएसबीतून वीज घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो, एक वायर कमी दिसते म्हणून. पण यूएसबी २.० ची खाच नियमाप्रमाणे ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देते, म्हणजे अडीच वॉट. बॉक्सला भर कामात त्याहून जास्त लागते. मग तो मधेच बंद पडतो, किंवा अपडेट चालू असताना अडकतो, आणि दोष कुठे आहे ते महिनोन्‌महिने कळत नाही.

पुढची मांडणी फोनवरून झाली. गूगल होम अ‍ॅपने पडद्यावरचा कोड स्कॅन केला, केबलचं नेट बॉक्सने स्वतःच ओळखलं. खातं कुणाचं घालायचं, इथे मी थांबले. माझं घातलं असतं तर पाच मिनिटांत सुटका होती. पण मग आईला माझ्या आवडीच्या शिफारशी दिसत राहिल्या असत्या, आणि माझा पासवर्ड बदलला की त्यांचा टीव्ही बंद. म्हणून आईच्या नावाचं खातं केलं, पासवर्ड वहीत लिहून दिला, आणि खरेदीला पिन लावला.

चित्र आलं. आईने टाळी वाजवली. मी मात्र मेनूत जाऊन रेझोल्यूशन बघितलं : १०८०पी. फोरकेचा पर्याय राखाडी होता, निवडताच येत नव्हता.

खाच बरोबर होती, पुन्हा वाकून खात्री केली. मग आठवलं की त्या काळातल्या कितीतरी फोरके टीव्हींमध्ये खाचेची पूर्ण क्षमता मुद्दाम बंद ठेवलेली असते, जुनी यंत्रं गोंधळू नयेत म्हणून. ती प्रत्येक खाचेसाठी वेगळी चालू करावी लागते. प्रत्येक कंपनीने या सेटिंगला वेगळं नाव दिलंय : सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीमध्ये 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. ते चित्राच्या मेनूत असेल असं मी धरून चालले होते. सापडलं 'सामान्य'च्या आत, बाह्य उपकरणांच्या खाली. चालू केलं. टीव्ही एकदा काळा झाला, परत आला, आणि फोरके ६० हर्ट्झ, एचडीआर दोन्ही खुले.

पण खेळ संपला नव्हता. दर चार-पाच मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा व्हायचा आणि जणू काही झालंच नाही असा परत यायचा. बाबा म्हणाले, "बॉक्स खराब निघाला वाटतं." दहा मिनिटं नुसती बघत बसले. शांत मेनूवर कधीच होत नव्हतं, एचडीआर चालू असतानाच होत होतं. म्हणजे जास्त डेटा वाहायला लागला की. संशय केबलवर. मी सोबत १८ गिगाबिटसाठी तपासलेली, 'प्रीमियम हाय स्पीड' लेबलाची दीड मीटरची केबल आणली होती, ती लावली. एक तास सतत चालवलं, एकदाही काळं झालं नाही. जुनी केबल १०८०पी ला अगदी व्यवस्थित चालत होती, म्हणूनच तिच्यावर कुणाचा संशय गेला नसता. एचडीएमआय केबल महाग घेतली म्हणून चित्र 'थोडं बरं' दिसत नाही. डेटा पोचतो, किंवा चमचमणारे ठिपके आणि काळे झटके दिसतात. तपासलेली, आखूड केबल पुरते.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी बाबांचा फोन. "चालू व्हायला फार वेळ घेतोय." ते रात्री बोर्डाचं बटण बंद करतात. प्रत्येक वेळी बॉक्स शून्यापासून उठतो. त्यांना सांगितलं, रिमोटनेच बंद करा, बोर्ड चालू राहू द्या. अपडेटही रात्रीच उतरतात. ऐकलं.

२० सप्टेंबर, शनिवार

आज चित्र.

आधी कडा. मेनूतलं घड्याळ वरून अर्धं कापलं जात होतं. टीव्ही चित्र किंचित फुगवून दाखवत होता. ही जुन्या काचेच्या टीव्हींच्या काळापासून चालत आलेली सवय आहे. आस्पेक्टच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' निवडलं, घड्याळ पूर्ण दिसलं. एरवी फोरके ठिपक्याला ठिपका जुळतच नाही, सगळं ताणून दाखवलं जातं.

मग एचडीआर. बॉक्स सगळंच एचडीआर करून पाठवत होता, मेनू आणि जुने कार्यक्रमसुद्धा. साध्या चित्राचं ओढूनताणून एचडीआर केलं की चेहरे फिके किंवा नको तितके तांबूस दिसतात. 'मूळ चित्राप्रमाणे' असं ठेवलं. आता एचडीआर सिनेमा लावला की पडदा क्षणभर काळा होतो आणि कोपऱ्यात खूण येते. हा काळा झटका योग्य आहे, हे दोघांना मुद्दाम सांगून ठेवलं, नाहीतर गेल्या रविवारची आठवण होऊन ते घाबरले असते.

फ्रेमचा वेग हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही ६० वर फिरतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा असं दाखवलं जातं. कॅमेरा सावकाश आडवा फिरत असेल तर ते बारीक हिसक्यांसारखं जाणवतं. सगळ्यात सोपी परीक्षा शेवटच्या श्रेयनामावलीची. वर सरकणारी नावं सलग जातात की थबकत जातात, ते बघायचं. सेटिंगमध्ये 'मूळ फ्रेमरेटशी जुळवा' चालू केलं. अ‍ॅपनेही साथ द्यायला हवी, सगळी देत नाहीत. एका अ‍ॅपमध्ये नावं लोण्यासारखी सरकली, दुसऱ्यात थबकतच राहिली. जेवढं मिळालं तेवढं घेतलं.

आणि शेवटी टीव्हीतलं 'मोशन' बंद केलं. टीव्ही दोन चित्रांमध्ये स्वतःच्या मनाची चित्रं भरतो आणि सिनेमा स्टुडिओत चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसायला लागतो. मला ते सहन होत नाही. आई म्हणाली, "आता जरा सिनेमागृहातल्यासारखं वाटतंय." मी तिला काय बदललं ते सांगितलंच नव्हतं. खेळाचे सामने बघताना बाबांना ते चालू आवडतं. त्यांच्यासाठी टीव्हीच्या 'स्पोर्ट्स' मोडमध्ये तसंच ठेवलं.

२१ सप्टेंबर, रविवार

आवाज. बाबांची तक्रार आम्ही सगळे ऐकत आलोय : संगीत कानठळ्या बसवतं आणि बोलणं कुजबुजल्यासारखं येतं. यात त्यांच्या कानाचा भाग आहे, पण सगळा नाही. सिनेमाचा आवाज ५.१ चा, म्हणजे सहा चॅनेलचा असतो, संवाद मधल्या चॅनेलमध्ये. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली तोंड करून बसवलेले. सहा चॅनेल दोनात कोंबताना संवाद बाकीच्या गलक्यात बुडतो.

आधी फुकटातला उपाय. अ‍ॅपमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओचा ट्रॅक निवडला. लगेच फरक पडला, कारण स्टिरिओ मिश्रण मुळातच दोन स्पीकरसाठी केलेलं असतं. मग ब्लूटूथ हेडफोन बॉक्सला जोडून पाहिला. बाबांचा चेहरा उजळला, "अरे, किती स्पष्ट!" पण हेडफोन जोडला की टीव्हीचा आवाज बंद होतो, आणि आई शेजारी मूकपट बघत बसली. एकत्र टीव्ही बघणाऱ्या दोघांसाठी तो उपाय नव्हे.

मग माझ्याकडे पडून असलेला मधल्या स्पीकरचा साउंडबार आणला आणि एआरसीच्या खाचेत लावला. ऑप्टिकल केबलनेही आवाज गेला असता, पण हल्लीच्या सेवांचा आवाज ज्या पद्धतीने येतो तो डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही. शिवाय एआरसीमुळे आवाजाची बटणं त्याच रिमोटवर येतात. साउंडबारवर 'संवाद स्पष्ट' आणि रात्रीचा मोड चालू केला. रात्रीचा मोड मोठे आवाज खाली आणि बारीक आवाज वर आणतो, नाव रात्रीचं असलं तरी बाबांसाठी दिवसभर तोच ठेवला. ओठ आणि आवाज किंचित पुढे-मागे वाटले. बातमीदाराचा चेहरा जवळून दिसणारा व्हिडिओ लावून, प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात तिकडे लक्ष ठेवून विलंब जुळवला. बाबा स्वतः सांगत होते, "अजून थोडा मागे... थांब. बरोबर."

२७ सप्टेंबर, शनिवार

एक रिमोट, एक बटण. इथे सीईसी कामाला येतं. एचडीएमआय केबलमधल्या १९ तारांपैकी एक, १३ वी, फक्त यंत्रांनी एकमेकांना निरोप देण्यासाठी राखलेली असते. 'मी उठलो, तूही ऊठ आणि माझ्या खाचेवर ये' असे ते निरोप. याचंही नाव प्रत्येकाने बदललंय : सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. टीव्हीत चालू केलं, बॉक्समध्ये केलं. आईने रिमोटचं बटण दाबलं, टीव्ही उठला, साउंडबार उठला, पडदा थेट बॉक्सवर आला.

तासाभराने सिनेमा चालू असताना पडदा अचानक सेट-टॉप बॉक्सवर उडी मारून गेला. तोही सीईसीवर होता आणि मधूनच जागा होऊन पडदा ओढून घेत होता. त्याच्या मेनूत जाऊन त्याचं सीईसी बंद केलं. उरलेल्या तिघांची दोस्ती छान आहे.

पहिल्या पानाचा प्रश्न अवघड होता. गूगल टीव्हीत 'फक्त अ‍ॅप' असा मोड आहे, तो लावला की शिफारशी जातात आणि पान एकदम मोकळं होतं. मी तो लावलाही. पण मग बोलून शोधणंही बंद होतं, आणि आईला टाइप करण्यापेक्षा माइकचं बटण दाबून नाव सांगणं फार सोपं जातं. तिच्यासाठी तो मोड काढला. त्याऐवजी अ‍ॅपची रांग लावली : लागणारी चार पुढे, बाकीची काढून टाकली. प्रत्येक सेवेच्या प्रोफाइलमध्ये जाऊन आपोआप सुरू होणाऱ्या झलका बंद केल्या. नाव वाचायला थांबलं की लगेच आवाज सुरू व्हायचा आणि आई दचकायची, ते थांबलं.

सबटायटलला आज सर्वात जास्त वेळ दिला. बॉक्सच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये आकार आणि रंग बदलता येतात, पण काही अ‍ॅप ते मानतात, काही स्वतःचंच चालवतात. म्हणून तीन ठिकाणी वेगवेगळं करावं लागलं. आईला सोफ्यावर बसवलं आणि एकेक दाखवत गेले, डोळे तपासताना विचारतात तसं, हे बरं की ते बरं. पांढरं अक्षर तिला बर्फाच्या, आकाशाच्या प्रसंगात दिसत नव्हतं. पिवळं अक्षर, मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी, आकार दीडपट. ते लावल्यावर ती थोडा वेळ काही बोललीच नाही, नुसती वाचत राहिली. मग म्हणाली, "मी इतके दिवस अर्धं सोडूनच देत होते गं."

निघण्यापूर्वी एका पुठ्ठ्यावर जाड पेनने चार ओळी लिहून टीव्हीखालच्या कप्प्यात उभ्या केल्या. चालू-बंद : वरचं बटण. घरी परत : घराचं चित्र. सापडत नसेल तर : माइक दाबून नाव सांगा. अडकलं तर : बॉक्सची वायर काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा.

५ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभरात फोन एकच आला, तोही तक्रारीचा नव्हता. आज सहज गेले होते. एक अपडेट रात्री येऊन लागलेलं दिसलं. त्यानंतर सबटायटल, फ्रेमरेट आणि एचडीआरची सेटिंगं तपासली, जागच्या जागी आहेत. साउंडबारचा विलंबही तसाच. टीव्ही नेटपासून पूर्ण तोडला, त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला आता नेटची गरज नाही.

मी आत पाणी प्यायला गेले तेव्हा बाहेरून बारीक शीळ ऐकू आली. बाहेर येऊन पाहते तर आई टीव्हीच्या कप्प्यापाशी वाकून बॉक्सच्या मागचं बटण दाबत होती, आणि बाबा सोफ्याच्या उशा एकेक करून उचलत होते. रिमोट तिसऱ्या उशीखाली वाजत होता.